आधी ऊब, मग घास

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा सातवीत आहे. आमच्याच इमारतीतल्या एका मुलाला नोकरीसाठी पुण्याला जावं लागलं, म्हणून त्याच्याकडचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळायचा परदेशी सरडा, आम्ही दत्तक घेतला. वय अडीच महिने, शेपटीसकट वीतभर. मुलाने त्याचं नाव खंडू ठेवलंय. त्याला येऊन आज नऊ दिवस झाले. पहिल्या दिवशी त्याने तीन रातकिडे खाल्ले, नंतर दिवसाला एखादा, आणि गेले दोन दिवस काहीच नाही. पालक, काकडी देऊन पाहिली, वळूनही बघत नाही. एक मीलवर्म (दुकानात मिळणारी अळी) तोंडात घेतला आणि टाकून दिला. जुनी माशांची अडीच फुटी काचेची टाकी आहे, तळाशी वाळवंटासारखी वाळू पसरली आहे, वर साठ वॅटचा पिवळा बल्ब आहे. टाकी हॉलमध्ये टीव्हीशेजारी, खिडकीला लागून ठेवली आहे म्हणजे ऊन मिळेल. नऊ दिवसांत शी दोनदाच, दुसऱ्यांदा पातळ. दिवसभर कोपऱ्यात डोळे मिटून पडून असतो, पोटावर काळसर रेघा दिसतात. सासूबाई म्हणतात, मुकं जनावर उपाशी ठेवू नये, तोंड उघडून भरवा. एकाने सिरिंजने बेबी फूड द्यायला सांगितलं. द्यावं का? मुलगा शाळेतून आला की दप्तर न काढता आधी टाकीपाशी जातो, आणि मग त्यालाही जेवण जात नाही.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नमस्कार ताई. सिरिंज कपाटात ठेवून द्या. आज खंडूला काहीही भरवायचं नाही. आज त्याला ऊब द्यायची आहे.

तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त टाकीतलं तापमान नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं. सध्या नाशिकला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, निफाडकडे त्याच्याही खाली. आपण स्वेटर चढवतो, चहा घेतो, आपलं अंग आतून तापत राहतं. सरड्याला ती सोय नाही. तो ज्या दगडावर बसतो तेवढंच त्याचं अंग गरम. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पूर्व भागातल्या कोरड्या मुलखातला. अंग ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्याचं पोट नीट कामाला लागतं. अंग गार असताना गिळलेला किडा पोटात नुसता पडून राहतो, पचत नाही, मग कुजायला लागतो. म्हणून गारठलेला सरडा तोंडच उघडत नाही. तुम्हाला तो हट्ट वाटतो, पण तो स्वतःचा जीव सांभाळत असतो.

हे मला कसं कळलं ते सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरं बघता बघता माझ्याकडे नुकतेच असे परदेशी सरडे यायला लागले होते. जानेवारीतल्या एका सकाळी देवळाली कॅम्पहून कॉलेजातला एक मुलगा बुटाच्या खोक्यात असंच वीतभर पिल्लू घेऊन आला. चार दिवस उपाशी होतं. मी हातात घेतलं तर फरशीसारखं गार लागलं. ते मला जाणवलं, आणि तरीही मी आधी भरवलं. सिरिंजने, अगदी हळू, अर्धा मिली, मग आणखी अर्धा. मुलाचा चेहरा खुलला, मलाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. त्याला विचारून मी पोट उघडून पाहिलं. मी भरवलेलं सगळं तिथेच होतं, आंबलेलं. तो वास मी विसरलेले नाही. चूक माझी झाली हे त्या मुलाला मी समोर बसवून सांगितलं. तेव्हापासून माझ्याकडे येणारा कुठलाही सरडा आधी दिव्याखाली जातो, त्याला मी नंतर हात लावते.

आता तुमची टाकी. साठ वॅटचा बल्ब उजेड भरपूर देतो, पण खाली खंडूच्या पाठीपर्यंत ऊब किती पोचते ते अंदाजाने कळणार नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, महाग नसतात. कोरोनात कपाळापाशी धरायची जी गन घेतली होती ती काढू नका, ती माणसाच्या तापापुरतंच मोजते. टाकीच्या एका टोकाला सपाट दगड ठेवा. कडप्प्याचा तुकडा असेल तर उत्तम, ऊब धरून ठेवतो. त्याच्या वर हॅलोजनचा स्पॉट बल्ब लावा. होल्डर सिरॅमिकचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. आणि बल्ब खंडूला चढून शिवता येणार नाही इतका उंच. दगडावर सेन्सर ठेवून ३९ ते ४२ अंश भरेपर्यंत बल्ब वरखाली करा. दुसरं टोक २५ ते २८ अंशांवर राहू द्या. अख्खी टाकी एकसारखी तापवलीत तर त्याला पळायला जागा उरणार नाही. ऊन आणि सावली दोन्ही दिलीत की कधी कुठे बसायचं ते तो ठरवतो.

रात्री सगळे दिवे बंद, लाल बल्बसुद्धा नको. पण टाकी १८-२० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि या दिवसांत हॉल जातोच. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो थर्मोस्टॅटला जोडून लावा. पोटाखाली ठेवायचे गरम दगड, हीटिंग पॅड घेऊ नका. पोटाला चटका बसतोय हे या प्राण्यांना वेळेत कळत नाही, मी भाजलेली पोटं पाहिली आहेत. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून टाकीत एका बाजूला ठेवा आणि टाकीवर चादर टाका, हवेला फट ठेवून.

दिवा नीट लागला की दोन-तीन दिवसांत खंडू दगडावर चपटा पसरून, तोंड उघडं ठेवून बसलेला दिसेल. धाप लागली म्हणून घाबरू नका. अंग पुरेसं तापलं की ते तोंड उघडून जास्तीची उष्णता सोडतात. मला विचाराल तर औषधाच्या कुठल्याही बाटलीपेक्षा ते उघडं तोंड बघून मला जास्त धीर येतो.

खिडकीचं म्हणाल तर तिथे ऊन दिसतं, पण त्याला हवं असलेलं ऊन काचेतून आत येत नाही. उन्हातले यूव्हीबी किरण कातडीवर पडले की अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम रक्तात जातं. काच हे किरण जवळपास सगळे अडवते. म्हणून टाकीच्या आत १० किंवा १२ टक्के लिहिलेली टी-५ (बारीक नळीची) यूव्हीबी ट्यूब हवी, निदान अर्ध्या टाकीइतकी लांब, रोज बारा तास. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, सहा महिने ते वर्षभरात, ती बदलायची. उजेड पुढेही पडत राहतो, पण किरण संपलेले असतात. माझ्याकडे रबरासारखा मऊ झालेला जबडा घेऊन जी पिल्लं येतात, त्यातल्या बहुतेक घरांत ही ट्यूबच नसते. लोकांनी जीव लावलेला असतो, पैसेही खर्च केलेले असतात, फक्त ही एक गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

ट्यूब येईपर्यंत आपलं नाशिकचं ऊन आहेच. सकाळी दहाच्या पुढे, वारा नसताना, कपडे धुवायच्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपलीत खंडूला ठेवा, टोपलीवर जाळी बांधा, अर्ध्या भागावर पंचा टाकून सावली करा आणि पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसा. बसायचंच, कारण कावळा आणि मांजर दोघंही टपलेले असतात. काचेची टाकी मात्र उन्हात कधी नेऊ नका, दहा मिनिटांत तिची भट्टी होते.

वाळू आजच काढा. वाळवंटातला प्राणी म्हटल्यावर वाळू आठवणारच, पण त्यांचा मूळ मुलूख बराचसा कडक मातीचा आणि झुडपांचा आहे. ते कुंपणाच्या खांबांवर, पडलेल्या ओंडक्यांवर चढून बसतात. लहान पिल्लू किडा टिपताना वाळूही गिळतं, आणि गार पोटात ती साचून राहते. तळाला वर्तमानपत्र अंथरा, रोज बदला. चढायला एक जाडसर फांदी द्या आणि गार बाजूला लपायला काहीतरी. आमच्याकडे अर्धी फुटलेली मातीची कुंडी असते.

पोटावरच्या काळसर रेघा भीतीच्या किंवा गारठ्याच्या असतात. नवं घर, नवे आवाज, शेजारी टीव्ही, आणि काचेत दिसणारं स्वतःचंच प्रतिबिंब. ते त्याला दुसरा सरडा वाटतं. टाकी टीव्हीपासून हलवा, तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. मुलाला सांगा, दोन आठवडे हातात घ्यायचं नाही, मित्रांना दाखवायचं नाही. त्याला जड जाईल, म्हणून कारणही सांगा. खंडूच्या डोक्याच्या वर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात आला की त्याच्यासाठी ती ससाण्याची सावली. हात न्यायचा तो बाजूने, खालून, हळू. मुलाला टाकीशेजारी गृहपाठ करत बसू दे. रोज तोच चेहरा, तोच आवाज, आणि अंगाला हात नाही, याने सरडा लवकर सवयीचा होतो.

ऊब नीट झाल्यावर खाणं. सकाळी दिवा लावल्यावर दीड-दोन तास त्याला तापू द्या, मग पहिलं खाणं. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढंच. शेवटचं खाणं दिवा मालवायच्या निदान दोन तास आधी, पचायला ऊब हवी म्हणून. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. तुम्ही आणलेले रातकिडे मोठे असणार असं मला वाटतं, दुकानदार बहुधा मोठेच देतात. लहान मागून घ्या. मीलवर्म या वयात नको, त्याचं कवच कडक असतं. त्याने टाकून दिला ते बरंच झालं. पाळलेली लहान डुबिया झुरळं चालतात, घरातली नाही, ती कुठलं विष खाऊन आली असतील सांगता येत नाही. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या मऊ अळ्या मिळाल्या तर फार चांगल्या, त्यांच्यात कॅल्शियम मुळातच जास्त असतं.

आळसावलेल्या पिल्लासमोर टुणटुण उड्या मारणारा रातकिडा म्हणजे त्रासच. रातकिड्यांचा डबा चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ते सुस्तावतात. मग एकच, चिमट्याने, त्याच्या नाकाच्या जरा पुढे आणि बाजूला धरा, किडा हलता राहील असा. खंडूकडे नीट बघा. खायचं असेल तर तो आधी मान किंचित तिरकी करून एका डोळ्याने बघेल, शेपटीचं टोक हलेल, मग जीभ बाहेर येईल. मान तिरकी झाली की तुम्ही अजिबात हलायचं नाही. पहिल्या दिवशी नुसती मान तिरकी करून थांबला तरी मी ते चांगलंच लक्षण धरते. न खाल्लेले किडे रात्री टाकीत ठेवू नका, ते झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि डोळ्यांच्या कडा कुरतडतात.

रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घाला, त्यांच्या पोटातलं खंडूच्या पोटात जातं. देण्याआधी फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड डब्यात घालून किडे हलवून घ्या, पिठी लावल्यासारखे दिसले पाहिजेत. पिल्लाला हे जवळजवळ रोज लागतं. माणसाच्या गोळ्या कुटून घालू नका.

भाजीचा आग्रह आत्ता सोडा. या वयात सत्तर-ऐंशी टक्के खाणं किड्यांचंच असतं, पाला मोठेपणी वाढतो. पण सकाळी चिमूटभर बारीक चिरून ठेवत जा, म्हणजे ओळख राहते : मेथी, कोथिंबीर, लसूणघासाची कोवळी पानं, किसलेला लाल भोपळा, जास्वंदाच्या पाकळ्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला अडकवून ठेवतं. काकडी म्हणजे नुसतं पाणी. अॅव्होकॅडो कधीच नाही, विषारी आहे.

पाण्यासाठी नाकाच्या टोकावर एक थेंब सोडा, तो चाटेल. एक दिवसाआड कोमट पाण्यात, त्याच्या कोपरापर्यंत बुडेल इतक्याच, दहा मिनिटं बसवा. बऱ्याचदा तिथेच शी होते. लगेच टिपून दिव्याखाली न्या. दोन आठवडे हात नको म्हटलं त्याला ही आंघोळ आणि ते टोपलीतलं ऊन एवढेच अपवाद, आणि ते तुम्हीच करायचे.

आणि एक वही घाला. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा मिळतो, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. आंघोळीच्या दिवशी, खाण्याआधी, डबीत बसवून वजन. वहीत लिहायचं काम मुलाला द्या : तारीख, वजन, किती किडे, शी झाली का, दगडावर किती अंश. या वयाच्या पिल्लाचं वजन आठवड्याला वाढायला हवं. पहिला आठवडा तिथल्या तिथे राहिलं तरी मी वाट बघेन. पण एक-दशांश उतरलं, म्हणजे तीस ग्रॅमचं पिल्लू सत्तावीसवर आलं, तर लगेच घेऊन निघा. बोटं थरथरायला लागली, जबडा मऊ लागला, डोळे खोल गेले, चालताना पोट जमिनीवरून उचलेना, किंवा दिव्याखालीही हनुवटी सतत काळी राहिली, तर वजनाचीही वाट बघू नका. भरवायची वेळ आलीच तर ती अंग गरम करून, पाणी देऊन, डॉक्टरांच्या हातून.

पातळ शीचं मला आत्ताच बघायचं आहे. ताजी शी, स्वच्छ डबीत, त्याच दिवशी, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. लहान पिल्लांत कॉक्सिडिया नावाचे जंतू आणि सुतासारखे कृमी बरेच सापडतात. थोडे असले तर चालतं, पण प्रवासाने, गारठ्याने पिल्लू खचलं की ते वाढतात. तपासल्याशिवाय जंताचं औषध देऊ नका, कुत्र्याचं तर नाहीच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उपाशी जीव बघवत नाही हे त्यांचं खरंच आहे. त्यांना म्हणावं, बाळंतिणीला आपण आधी शेक देतो ना, तसं समजा. आणि घरातल्या सगळ्यांनी खंडूला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. टाकीतलं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. पुतण्याकडे असाच सरडा आहे. बागेत नाकतोडे भरपूर, विकतचे किडे कशाला, तेच धरून दिले तर? पावसाच्या तोंडावर काजवेही खूप असतात.
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नको दादा. फवारणीचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. छाटणीपासून घड उतरेपर्यंत बागेत जे जे मारलं जातं, ते नाकतोड्याच्या अंगावर आणि पोटात असतं. माणसासाठी फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस ठरलेले असतात, चाळीस ग्रॅमच्या सरड्यासाठी ते कुणी ठरवलेले नाहीत.

काजव्याचं तर अजिबात मनात आणू नका. काही काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. अमेरिकेत एकच काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचा कुठला सोसेल हे बघायला पुतण्याचा सरडा पणाला लावायचा नाही. मे-जूनमध्ये पुतण्याला घेऊन भंडारदऱ्याला जाल तेव्हा काजवे लांबूनच बघा, आणि घरी रात्री टाकीवर जाळी घट्ट आहे ना ते बघा, उजेडाला किडे आत येतात.

तुमच्याकडे जागा आहे, तर फवारणीपासून लांब, घराच्या मागे तुतीची दोन-चार झाडं लावा. तुतीचा कोवळा पाला सरडा खातो. त्याच पाल्यावर थोड्या रेशमाच्या अळ्या पोसल्यात तर त्याही त्याला देता येतील. मऊ असतात, पचायला हलक्या, आणि आजारातून उठलेलं पिल्लूही त्या खातं.